मोठी संख्या तपासताय? आधी या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी पोरांना गणित शिकवतो. दरवर्षी पोट्टे नवे, चुका त्याच.

सगळ्यात वाईट चूक संख्या उतरवतानाच होते. कापसाची वेचणी सुरू होती तेव्हाची गोष्ट. एका हुशार पोराला मी २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संख्या मूळ आहे का ते तपासायला दिली. तो तालुक्याहून प्रिंट घेऊनच आला. "सर, हिले तं १० नं भाग जाते!" कागदावर शेवटी सहा शून्यं. स्प्रेडशीटनं पहिले १५ अंक ठेवले आणि बाकीच्यांची शून्यं केली. २ च्या घातातून १ काढला की संख्या विषमच येणार, एवढंही घाईत त्याच्या ध्यानात आलं नाही. मग ओसरीवर बसून १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी मांडलेले तिचे अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, आम्ही वहीत हातानं गुणले. दिवे लागणीला शेवटचा अंक जुळला. त्या पोरानं पुन्हा कधी न मोजता संख्या उतरवली नाही.

माझी सवय सांगतो. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे, अंक मोजायचे, मग बेरीज करायची. इथे २१ अंक, बेरीज १०९, म्हणजे ९ नं भागून बाकी १. अवयवांच्या बेरजा ३७ आणि ६४, दोन्हींची बाकी १, आणि १ × १ = १. जुळलं. पण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर बेरीज तीच राहते, म्हणून ११ ची कसोटीही (उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं शेवटपर्यंत) लावायचीच.

दुसरी चूक, अर्ध्यातून सोडणं. ८०५१ ला २, ३, ५, ७, ११, १३ नं भाग जात नाही, की लगेच "मूळ संख्या" लिहून मोकळे. वर्गमूळ ८९ च्या थोडं पुढे आहे, तिथवर जायलाच हवं. शेतात डवरा धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) नेल्याशिवाय तास पुरा होत नाही. पहिल्या २२ मूळ संख्या हात हलवत परत पाठवतात आणि तेविसावी, ८३, लागू पडते: ८३ × ९७. ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग हे ज्याला दिसलं त्याचं एका ओळीत झालं, पण ती नजर भागाकार करून करूनच येते.

१ ही मूळ संख्या नाही.

४ नं आणि ६ नं भाग गेला म्हणून २४ नं जात नाही. १२ घेऊन बघा.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवा. ३६० = २³ × ३² × ५, म्हणून ४ × ३ × २ = २४ विभाजक. ३ × २ × १ करून ६ लिहिणारे मला दर परीक्षेत भेटतात.

आणि मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या ट्रिका. "२ च्या (न − १) व्या घाताला न या संख्येनं भागून बाकी १ उरली की न ही संख्या मूळ", ही ट्रिक पोरं डोळे मिटून वापरतात. ३४१ घ्या. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ नं भागलं की बाकी १ च उरते. तरी ३ − ४ + १ = ०, म्हणजे ११ नं भाग जातो: ११ × ३१.