श्रोत्यांचा कल न ओळखता भाषण? या चुका टाळा

भाषण नीट लिहिलेले असते, पाठही असते, तरी पाचव्या मिनिटाला चुळबूळ सुरू होते. बहुतेक वेळा वक्तृत्व कमी पडलेले नसते. समोरच्यांचा कल काय, याचा अंदाजच चुकलेला असतो.

सर्वांत महागात पडते ते विरोधी सभेत आपल्या मागणीनेच सुरुवात करणे. गोव्यातल्या डिचोलीकडच्या ग्रामसभेत खनिज वाहतुकीच्या धुळीवर बोलायचे आहे, असे धरा. "ट्रक बंद करा" हे पहिले वाक्य असेल, तर पुढचे कोणी ऐकणार नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या. तेव्हा ट्रकचे हप्ते थकलेली माणसे समोर बसलेली असतात. धुळीने बागायत लाल झालेलेही तिथेच असतात आणि कित्येकदा दोघांचे घर एकच असते. म्हणून सुरुवात सगळ्यांना मान्य असलेल्या गोष्टीने करा: ओसरीवरची लाल धूळ, पोरांचा खोकला. मग ट्रकवाल्यांची अडचण तुम्हीच मांडा, त्यांनी मान डोलवावी इतकी प्रामाणिकपणे. मागणी शेवटी, आणि ती पेलवेल एवढीच: ताडपत्री घट्ट बांधा, रस्त्यावर पाणी मारा, शाळा भरताना आणि सुटताना फेऱ्या थांबवा. एकदम पूर्ण बंदी मागितली, की लोक आपले मत आणखी घट्ट धरून बसतात.

उलट चूकही होते. कचरा वेगळा करायला हवा, हे पटलेल्या महिला मंडळाला प्लॅस्टिकचे दुष्परिणाम वीस मिनिटे कशाला? ते दोन मिनिटांत आटपा आणि सुका कचरा कोण, कधी नेणार ते ठरवा.

गाव किंवा भाषा पाहून कल गृहीत धरू नका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,३८,१७० मते गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने आणि १,७२,१९१ विरोधात पडली. गोव्यातल्या मराठी कार्यक्रमातही दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसे येतात. कोकणीला टोमणा मारून टाळी मिळेलही, पण अनेकांची मने तिथेच मिटतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी पंच, दुकानदार, शिक्षिका अशा चारपाच जणांना एकच प्रश्न विचारा: "या विषयात लोक कशावरून चिडतात?"

तरीही चुळबूळ झालीच, तर आवाज चढवू नका. थांबा. आक्षेप पूर्ण ऐका, त्याच्याच शब्दांत पुन्हा म्हणा, "असेच ना?" विचारा आणि होकार मिळाल्यावरच उत्तर द्या.