मेंढी लंगडली की आधी सुरी काढू नका: या चुका टाळा

मेंढी एक पाय उचलून चालायला लागली की बहुतेक जणांचा इलाज ठरलेला असतो. तिला धरायचं, पाडायचं आणि खूर कापायला घ्यायचं. दोन खुरांमधली बेचकी नुसती लाल झालेली असो, काटा रुतलेला असो, आत पू साठलेला असो की खूर खरोखर सडत असो, सगळ्यावर उपाय एकच. या सवयीपायी कायमच्या अधू झालेल्या मेंढ्या मी इतक्या पाहिल्यात, की कुणाच्या हातात खूर कापायची कात्री दिसली की आधी "थांब" म्हणतो आणि मग काय झालंय ते विचारतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कापाकापी

माझ्या ओळखीच्या एका मेंढीपालकाने पाऊस तोंडावर आलेला असताना ठरवलं, की सगळ्या कळपाची खुरं एकदमच कापून टाकू, वर्षभराची कटकट मिटेल. दोन गडी बसवले, दोघांकडे एकेक सुरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम चाललं. गुलाबी दिसेपर्यंत कापायचं असा शिरस्ता ठेवला होता. रक्त आलं तर "जरा रक्त आलं म्हणजे खोलवर साफ झालं" असं त्यांचं म्हणणं. कापलेले तुकडे तिथेच पायाखाली पडत होते आणि रात्री कळपही त्याच जागी बसला. त्या कळपात काही मेंढ्यांना फूटरॉट, म्हणजे खूर सडण्याचा संसर्गजन्य रोग आधीपासून होता. तो कुणी तपासलाच नव्हता. तीच सुरी रोगी खुरातून निरोगी खुरात जात राहिली.

तीनेक आठवड्यांनी मला बोलावणं आलं. अर्ध्याच्या वर कळप लंगडत होता. काही मेंढ्या पुढचे गुडघे टेकून चरत होत्या. एकीचा पाय हातात घेऊन पाण्याने धुतला. खुराच्या टोकाला, जिथे कडक शिंगासारखा भाग असायला हवा, तिथे डाळिंबाच्या दाण्यासारखा लालभडक मांसाचा गोळा बाहेर आला होता. बोट लागलं तरी रक्त यायचं. अशा गोळ्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. खूर जिवंत भागापर्यंत कापलं की तो उठतो आणि काढला तरी पुष्कळदा परत येतो. त्या मेंढ्यांपैकी काही महिनोन्महिने लंगडल्या आणि शेवटी कळपातून काढाव्या लागल्या. त्यांना रोगाने नाही, सुरीने घालवलं.

लोक मूळ गोष्टच उलटी धरतात. त्यांना वाटतं, खूर वाढलं म्हणून मेंढी लंगडते. बहुतेक वेळा असतं ते असं, की मेंढी लंगडते म्हणून खूर वाढतं. दुखऱ्या पायावर ती भार देत नाही, मग खूर झिजत नाही आणि लांब होतं. दुखणं बरं झालं की ती पाय टेकते आणि वाढलेलं खूर बरचंसं आपोआप झिजतं. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीतही हेच दिसलं: फूटरॉट झालेल्या मेंढ्यांना प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि खुरावर स्प्रे दिला की त्या लवकर सुधारल्या आणि खूर कापलेल्या मेंढ्यांना बरं व्हायला जास्त वेळ लागला. तरीही "आमचे आजोबा कापायचे" हे उत्तर मला अजून ऐकावं लागतं.

मी काय करतो ते सांगतो. पाय धुतो, बेचकीत बघतो, वास घेतो. औषध देतो, रंगाने खूण करतो आणि सोडून देतो. ती नीट चालायला लागल्यावर खूर बेढब राहिलंच असेल तर लोंबणारा सुटा भाग तेवढा काढतो. गुलाबी झाक दिसायच्या आत हात थांबला पाहिजे. प्रत्येक मेंढीनंतर हत्यार जंतुनाशकात बुडवतो आणि कापलेले तुकडे गोळा करून जाळतो. फूटरॉटचे जंतू मोकळ्या जमिनीवर साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत, पण खुराच्या तुकड्यात त्याहून जास्त दिवस तग धरतात.

अपवाद एकच, खुरात साठलेला पू. खूर गरम लागतं, दाबलं की मेंढी पाय झटकते आणि ती त्या पायावर अजिबात उभी राहत नाही. तिथे योग्य जागी छोटीशी वाट करून दिली की तिला लगेच आराम पडतो. पण ती जागा ओळखायला शिकलेला हात लागतो. पहिल्यांदा करत असाल तर डॉक्टरांसमोर करा.

न बघता औषध देणं

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. बेचकीतली कातडी लाल, ओलसर, वर पांढुरका थर, पण खुराचा कडक भाग जागच्या जागी आणि वास नाही, तर ती नुसती बेचकीची सूज. स्प्रेने बहुधा भागतं. फूटरॉटमध्ये टाचेकडून सुरुवात होऊन कडक भाग आतल्या मांसापासून सुटायला लागतो, खाली राखाडी चिकट घाण असते आणि वास असा की एकदा घेतला की पुन्हा चुकत नाही. तिसरा प्रकार खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपतात तिथे व्रण पडून सुरू होतो आणि खालपर्यंत जातो. कधीकधी अख्खं टरफल गळून पडतं. त्याचे जंतू वेगळे, म्हणून औषधही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

फूटरॉट चिखलाने होतो हा समज तर जाता जात नाही. तो डायकेलोबॅक्टर नोडोसस नावाच्या जंतूने होतो आणि एका मेंढीकडून दुसरीला लागतो, हे ऑस्ट्रेलियात बेव्हरिज यांनी 1941 मध्येच दाखवून दिलं. चिखल कातडी नरम करतो, जंतूला वाट करून देतो. पण जंतू आणणारी मेंढीच असते. एवढं ध्यानात घेतलं की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत. "पाऊस थांबला की बरं होईल" म्हणून वाट बघत बसणाऱ्याकडची एकच लंगडी मेंढी तोवर सगळ्या वाटेवर रोग पेरत हिंडते. लंगडणं दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध अंगात किंवा खुरावर गेलंच पाहिजे. इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो, अंदाजाने अर्धी सिरिंज टोचण्याला उपचार म्हणत नाहीत. औषधानंतर दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही, तेही त्याच वेळी विचारून ठेवा.

धरण्याची धसमुसळी पद्धत

खुरांचा लेख आणि मध्येच धरण्याची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण मेंढी धरायचा वैताग येतो म्हणून लोक पाय बघायचं टाळतात, आणि वैताग येतो तो धरायची पद्धत चुकल्यामुळे.

मोकळ्या रानात मेंढीमागे पळू नका. ओरडू नका. मेंढीचे डोळे बाजूला असतात, तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त थेट मागचं दिसत नाही. नेमकं तिथूनच कुणी धावत आलं की ती बिथरते आणि एक बिथरली की सगळा कळप बिथरतो. तुम्ही तिच्या खांद्याच्या मागे उभे राहिलात तर ती पुढे जाते, खांद्याच्या पुढे आलात तर थांबते किंवा वळते. एवढं समजलं की सावकाश चालत, हात पसरून, दोन माणसं अख्खा कळप वाड्यात घालू शकतात. वाटेत अंधारी जागा असेल तर त्या अडतात, समोर उजेड असेल तर जातात. पहिली गेली की बाकीच्या मागे येतात, म्हणून पहिलीला घाई करू नका.

धरायचं ते छोट्या वाड्यात, जिथे त्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतील. लोकर धरून ओढणं मला बघवत नाही. लोकर कातडीला घट्ट असते. ओढली की कातडीखाली रक्त साकळतं, वरून काही दिसत नाही, पण मेंढीला ते दिवसेंदिवस दुखतं. शिंगं किंवा एक पाय धरून फरफटत नेणं त्याहून वाईट. एक हात हनुवटीखाली, दुसरा मागे पुठ्ठ्यावर. हनुवटी वर उचललेली असली की मेंढीला पुढे जोर लावता येत नाही. ताकदवान मेंढीसुद्धा अशी शांत उभी राहते.

बसवायची असेल तर तिच्या बाजूला, तुमचे गुडघे तिच्या कुशीला टेकतील असे उभे राहा. तोंड तुमच्यापासून लांबच्या खांद्याकडे वळवा, दुसरा हात पुठ्ठ्यावर दाबा आणि एक पाऊल मागे घ्या. ती आपल्याच वजनाने खाली येते. मग तिला पाठ तुमच्या पायांना टेकवून ढुंगणावर जरा एका कुशीला बसवा. नेमकी शेपटीच्या हाडावर बसवली तर ती धडपडत राहील, आणि नवशिके मग तिला आणखी जोराने आवळतात. बसण्याचा कोन बदला, ती आपोआप सैल पडेल. खुरं जमिनीला लागत नाहीत हेही बघा, टेकायला काही मिळालं की ती उठायला बघते.

पोट भरून चरून आलेली मेंढी लगेच उलथू नका, भरलेल्या पोटाचा दाब छातीवर येऊन तिला श्वास घ्यायला त्रास होतो. गाभण मेंढीचे शेवटचे आठवडे चालू असतील तर अजिबात नाही. तिचा पाय उभ्यानेच, पुढचा असेल तर गुडघ्यात दुमडून बघा. मेंढ्याकडे, म्हणजे नराकडे, पाठ करून वाकू नका, एवढं एक वाक्य पुरे.

खुरं बुडवायचं कुंड

कुंड चांगलं आहे, पण ते कळपाची बेचकी सांभाळायला. टाचेपासून सुटलेल्या खुराच्या आत ते पाणी पोचत नाही, त्यामुळे फूटरॉट झालेल्या मेंढीला कुंडातून नेलं म्हणजे उपचार झाला असं समजू नका.

चिखलाने भरलेली खुरं तशीच औषधात घातली तर औषध चिखलालाच लागतं. आधी साध्या पाण्याच्या कुंडातून न्या. झिंक सल्फेट वापरत असाल तर 100 लिटर पाण्यात 10 किलो, आणि मेंढ्या त्यात थांबल्या पाहिजेत. किती वेळ ते पुड्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. पळवत नेलेल्या मेंढ्यांनी फक्त पाय ओले केलेले असतात. फॉर्मॅलिन असेल तर 97 लिटर पाण्यात 3 लिटर. "जरा कडक केलं तर लवकर काम होईल" हा विचार इथे फार महागात पडतो. कडक फॉर्मॅलिनने कातडी फाटते, खूर दगडासारखं होतं आणि रोग आतच कोंडला जातो. शिवाय त्याची वाफ तुमच्याच फुप्फुसात जाते, म्हणून काम उघड्यावर आणि हातमोजे घालून करा. खुरं कापून लगेच फॉर्मॅलिनमध्ये उतरवणं हा तर निव्वळ छळ आहे.

कुंडाकडे नेण्याआधी मेंढ्यांना पोटभर पाणी पाजा, तहानलेली मेंढी कुंडातलं पाणी पिते. मोरचूद मी वापरत नाही, त्यात तांबं असतं. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एके दिवशी एकदम रक्तात उतरतं. मग कावीळ, गडद लाल लघवी आणि मरण. कुंडातून बाहेर आल्यावर तासभर कोरड्या, कडक जागेवर उभ्या ठेवा. सरळ ओल्या गवतात सोडल्या तर आख्खी मेहनत वाया.

बाकीच्या चुका, थोडक्यात

नवीन मेंढी आणली की थेट कळपात सोडू नका. चारही पाय उचलून बघा आणि किमान चार आठवडे वेगळी ठेवा, रोग अंगात असून न लंगडणाऱ्या मेंढ्या असतात.

पाणी पिण्याच्या आणि चाऱ्याच्या जागेभोवती खडी किंवा चुना टाका. सगळ्यांची खुरं दिवसातून दोनदा तिथेच येतात.

तीच मेंढी पुन्हा पुन्हा लंगडते तिला ठेवू नका. जीव लागलेला असतो, मान्य आहे, पण तिच्यापायी बाकीच्यांना भोगावं लागतं. तिची कोकरं तर पैदाशीला मुळीच ठेवू नका. वहीत कान-क्रमांक आणि तारीख लिहिली की कोण ते लगेच कळतं, आठवणीवर ठेवलं की नेमकी लाडकी मेंढी सुटते.

लंगडणं सकाळी बाहेर पडताना बघा. सावकाश चालताना मान खालीवर होणारी मेंढी लगेच नजरेत भरते, पळवलेल्या कळपात काही कळत नाही.

आणि एकाच दिवशी, एकदम बऱ्याच मेंढ्या लंगडायला लागल्या, अंगात ताप आहे, बेचकीत किंवा खुराच्या वरच्या कडेला फोड दिसतायत, तर यातलं काहीच करू नका. ते लाळ्या-खुरकूत असू शकतं. मेंढ्यांच्या तोंडात फोड फारसे दिसत नाहीत, पायच आधी बोलतात, म्हणून लोक त्याला साधं लंगडणं समजून कळप दुसऱ्या रानात हलवतात आणि साथ गाईगुरांपर्यंत नेऊन सोडतात. कळप आहे तिथेच ठेवा, दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नका, आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.