पुस्तकातला फोटो आणि ओरिजिनल प्रिंट, तुलना कशी करायची

ब्लॅक अँड व्हाइट फोटोंचं प्रदर्शन लागलंय आणि त्याच फोटोग्राफरचं पुस्तक तुमच्याकडे आहे, तर जायच्या आधी त्यातले दोन-तीनच फोटो निवडून नीट बघून घ्या, सगळे लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. पुस्तक आत नेऊ देतात का ते फोन करून विचारा. पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो या कामाला उपयोगाचा नाही कारण मोबाइल काळं-पांढरं स्वतःच्या मनाने बदलतो.

पहिलं काय बघायचं, तर पुस्तकात छापलेली प्रिंट, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर काढलेला फोटो, कुठल्या सालची आहे. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सचा 'मूनराइज, हर्नांडेझ' हा फोटो घ्या, निगेटिव्ह एकच, १९४१ ची, पण प्रिंट्स तो पुढे कित्येक वर्षं काढत राहिला, सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश राखाडी आहे, वरती ढगांचे पट्टे दिसतात, मग १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर केमिकलने प्रक्रिया केली आणि १९७० च्या दशकातल्या प्रिंट्समध्ये आकाश जवळजवळ काळंकुट्ट झालं. आता भिंतीवर एक आणि पुस्तकात दुसरी असेल तर फरक छपाईचा नाहीच ना, म्हणून फोटोखालचं साल आधी वाचा, त्यात बहुतेक वेळा फोटो काढल्याचं आणि प्रिंट काढल्याचं अशी दोन वेगळी सालं असतात.

मग थेट काळ्या भागात बघा, खरी गंमत तिथेच आहे. कोणाच्या काळ्या कोटाच्या घड्या, दाराच्या आतला अंधार. ग्लॉसी सिल्व्हर प्रिंटचा, म्हणजे चांदीचा थर असलेल्या चकचकीत फोटोपेपरवर काढलेल्या प्रिंटचा, काळा एका शाईने छापलेल्या काळ्यापेक्षा खोल असतो, म्हणून तर चांगली पुस्तकं काळ्याच्या जोडीला राखाडी शाई घेऊन दोन किंवा तीन शायांत छापतात. पण गॅलरीत लाइट मुद्दाम मंद ठेवलेला असतो, आत शिरल्या शिरल्या प्रिंट डल वाटते आणि लोक म्हणतात पुस्तकच भारी, तर तसं करू नका, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की घड्या दिसायला लागतात.

भिंगाचा प्रयोग घरीच करा. आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना फोटो असेलच, तो आणि पुस्तकाचं पान खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवा आणि दहापट दाखवणारं भिंग लावा. ऑफसेटच्या, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या छपाईच्या, पानावर राखाडी रंग म्हणजे नुसते ठिपके, फोटोत मात्र गालावरची सावली सलग उतरत जाते. कागदाचा पांढराही बघा, पुस्तकाचा बऱ्याचदा निळसर असतो.

दोन पानांवर पसरलेला फोटो तुलनेला घेऊच नका, मधली घडी बरंच काही गिळते.

आणि जुनं पुस्तक म्हणजे छपाई वाईट असं अजिबात नाही. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिये-ब्रेसाँचं १९५२ चं पुस्तक ग्रॅव्ह्यूरमध्ये, म्हणजे पत्र्यावर कोरलेल्या खळग्यांत शाई भरून छापायच्या पद्धतीने, छापलंय, त्यातले काळे मऊ आणि दाट आहेत, मला तर आजच्या बऱ्याच गुळगुळीत पुस्तकांपेक्षा तेच जास्त आवडतं.