विंडोज, मॅक की लिनक्स? एडिटिंगचं मशीन निवडण्याआधी आपली फाइल तपासा

व्हिडिओ एडिटिंगला कोणतं मशीन चांगलं हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावावरून ठरत नाही, कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाइलवरून ठरतं. एकच क्लिप एका साध्या लॅपटॉपवर सुरळीत पळते आणि दुप्पट किमतीच्या डेस्कटॉपवर पावलोपावली अडकते, असं खरोखर होतं. म्हणून आधी फाइल बघा, मग सॉफ्टवेअर ठरवा, आणि या दोन्हींना जी मानवेल ती सिस्टीम घ्या.

फाइल ओळखणं

मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर तिन्ही सिस्टीमवर चालतं. कॅमेऱ्याच्या कार्डावरची मूळ क्लिप त्यात उघडा. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप इथे उपयोगाची नाही, कारण ती वाटेतच पुन्हा दाबून लहान केलेली असते. चार गोष्टी टिपून घ्या: कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, कोणता (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई) ८ की १०, क्रोमा (रंगाची किती माहिती राखली) ४:२:० की ४:२:२, आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, की व्हेरिएबल, म्हणजे बदलता.

८ बिट ४:२:० एच.२६४ असेल तर फार विचार करू नका. गेल्या काही वर्षांतलं कुठलंही बरं मशीन ती चालवतं.

खरा प्रश्न येतो १० बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत हा पर्याय सर्रास असतो आणि रंग दुरुस्त करायला तो उत्तम आहे. पण या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. बऱ्याचशा फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच असतं, म्हणून एक फ्रेम दाखवायला मशीनला आधी कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. हे काम चिपमधला खास डीकोडर करतो. त्या डीकोडरला ४:२:२ कळत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) अडकायला लागते.

इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सला हा प्रकार कळतो. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर टाळा. आय५-१२४००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ते ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे डीकोडरही नसतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. ४० मालिकेचं महागडं कार्डसुद्धा ही क्लिप उलगडू शकत नाही. ॲपलच्या एम१ पासूनच्या, म्हणजे २०२० च्या शेवटापासूनच्या, सगळ्या चिपना ती जमते. मॅकबुक एअर एडिटिंगला हलका वाटतो तो एवढ्याचसाठी, त्यात मॅकओएसची जादू काही नाही. योग्य प्रोसेसर निवडला तर विंडोजवरही तेच मिळतं.

नवं मशीन घेण्याआधी प्रॉक्सी करून बघा. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, केडेनलाइव्ह, शॉटकट या सगळ्या एडिटिंग सॉफ्टवेअरांत सोय आहे. ४के क्लिपच्या लहान, हलक्या प्रती बनतात, कापाकापी त्यांच्यावर होते आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलमधून होतो. रात्री प्रॉक्सी बनवायला लावून झोपलात तर सकाळी जुनं मशीनही कामाला लागतं.

फ्रेमरेट व्हेरिएबल निघाला तर तो आधी सरळ करा. फोनचं शूटिंग आणि स्क्रीन रेकॉर्डिंग बहुधा असंच असतं. लक्षण ठरलेलं: सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, वीस मिनिटांनी सुटतात. हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल घाला, व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, फ्रेमरेट आकड्यात भरा, क्वालिटी १८ च्या आसपास ठेवा. ३० आणि २९.९७ ची गल्लतही अशीच नडते. फरक हजारात एकाचा, पण तासाभराच्या मुलाखतीत आवाज ३.६ सेकंदांनी सरकतो.

कोणतं सॉफ्टवेअर कुठे चालतं

या तिन्हींपैकी फायनल कट प्रो फक्त मॅकवर चालतं. प्रीमियर प्रो विंडोज आणि मॅकवर चालतं, पैसे मात्र भाड्यासारखे भरत राहावे लागतात. दाविंची रिझॉल्व्ह तिन्हीकडे आहे. त्याची मोफत आवृत्ती अल्ट्रा एचडी, ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते आणि त्यावर वॉटरमार्कचा शिक्का मारत नाही. स्टुडिओ आवृत्ती एकदाच विकत घ्यायची, किंमत बरीच वर्षं २९५ डॉलर राहिली आहे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट तिन्हीकडे चालतात, पूर्ण मोफत आहेत आणि त्यांचा कोडही खुला आहे.

मोफत रिझॉल्व्हबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. विंडोजवर १० बिट ४:२:२ क्लिप अनेकदा ‘मीडिया ऑफलाइन’ म्हणून लाल पडते. फाइल बिघडलेली नसते, ती सोय स्टुडिओत असते. लिनक्सवर तर मोफत आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ घेतच नाही, आणि एएसी या प्रकारात दाबलेल्या आवाजाची अडचण स्टुडिओ आवृत्तीतही भेटते: चित्र दिसतं, आवाज येत नाही. मग सगळं फुटेज डीएनएक्सएचआर (एडिटिंगला हलका, पण जागा खाणारा कोडेक) आणि पीसीएम (न दाबलेल्या) आवाजात बदलून घ्यावं लागतं. १०८०पी, २५ फ्रेमला मध्यम दर्जा साधारण १२० मेगाबिट प्रति सेकंद धरा, म्हणजे तासाला ५४ जीबी. दोन कॅमेऱ्यांवर सहा-सहा तासांचं लग्न असेल तर ६५० जीबी एवढ्यातच गेले.

म्हणून लिनक्सवर केडेनलाइव्हपासून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. ते एफएफएमपेग या व्हिडिओ उलगडणाऱ्या संचाच्या जोरावर जवळजवळ काहीही उघडतं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ न घेणारी कितीतरी मशीन्स घरोघरी पडून आहेत. शाळेच्या कार्यक्रमाचं किंवा छोट्या चॅनलचं एडिटिंग त्यांवर लिनक्स टाकून आरामात होतं.

तुलना कशी करायची

तीन मिनिटांचा एक प्रोजेक्ट बनवा: तुमच्याच कॅमेऱ्याच्या दहा-बारा क्लिप, सगळ्यांवर रंगदुरुस्ती, एके ठिकाणी चित्रात चित्र, दोन-तीन डिझॉल्व्ह (एक दृश्य विरघळून दुसरं येणं) आणि एक मराठी शीर्षक. क्लिप कार्डावरून न चालवता आतल्या एसएसडीवर घ्या. विंडोज लॅपटॉप चार्जरला लावा, कारण बॅटरीवर तो स्वतःहून मंद होतो. फ्रेमरेट २५ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० शटरला ट्यूबलाइट लुकलुकत नाही. रिझॉल्व्हमध्ये हा आकडा क्लिप आत घेण्याआधीच ठरवा, क्लिप आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेमरेट कुलूपबंद होतो.

आता कीबोर्डवर ‘एल’ दाबा, मग पुन्हा ‘एल’. दुप्पट वेगात चित्र किती अडकतं ते बघा. ‘जे’ दाबून उलटं चालवा, दाबलेल्या फाइलची खरी परीक्षा इथेच होते. रिझॉल्व्हमध्ये चित्राच्या वरचा हिरवा ठिपका लाल झाला की फ्रेम गळताहेत. प्रीमियरमध्ये प्रोग्रॅम मॉनिटरच्या पान्याच्या चिन्हाच्या मेनूतून गळलेल्या फ्रेमचा दर्शक चालू करता येतो.

एक्स्पोर्टची वेळ मोजताना बहुतेकांची चूक एकच होते. एकीकडे हार्डवेअर एन्कोडर (चिपमधला व्हिडिओ दाबणारा भाग) चालू असतो, दुसरीकडे सॉफ्टवेअर, आणि मग ‘मॅक तिप्पट वेगवान’ असा निकाल लागतो. दोन्हीकडे एच.२६४, १०८०पी, २० मेगाबिट आणि एकाच प्रकारचा एन्कोडर ठेवा. रेंडर कॅश (आधीच तयार होऊन साठलेली दृश्यं) पुसा. तीनदा करा, पहिली वेळ सोडून द्या. लॅपटॉप असेल तर पंधरा मिनिटांचा एक्स्पोर्टही लावा. पातळ लॅपटॉप पहिली दोन मिनिटं जोरात धावतो आणि तापला की निम्म्यावर येतो, छोट्या चाचणीत हे दिसत नाही.

मराठी शीर्षकाची चाचणी

इंग्रजी व्हिडिओंमधल्या तुलनांत ही गोष्ट सापडणार नाही. शीर्षकात ‘वऱ्हाडी कीर्तिवंत क्षत्रिय’ लिहा. ‘ऱ्ह’ मधला अर्धा ‘र’ नीट आडवा येतो का, ‘र्ति’ मधली वेलांटी ‘त’च्या आधी आणि रफार डोक्यावर बसतो का, ‘क्ष’ फुटून ‘क्‌ष’ होतो का, हे मोठं करून बघा. फायनल कटमध्ये हे सहसा नीट येतं, कारण अक्षरं जुळवायचं काम मॅकओएसच करतं. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स भागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा आणि शीर्षक पुन्हा टाइप करा. रिझॉल्व्हमध्ये ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्ट प्लस’ दोन्हीत तेच शब्द लिहून बघा.

फॉन्टही बघून घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो प्रोजेक्ट उघडला की नवरा-नवरीच्या नावांच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसते. युनिकोडच वापरा. विंडोजचा मंगल मॅकवर नसतो, मॅकचा कोहिनूर विंडोजवर नसतो. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त किंवा बालू हे मोफत फॉन्ट दोन्हीकडे टाकून ठेवा.

एका सिस्टीमवरून दुसरीकडे जाताना

विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटच्या डिस्कवरून मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला दिसतच नाही. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सएफएटी दोघांनाही चालते, पण ती जर्नल, म्हणजे बदलांची नोंद, ठेवत नाही. ‘इजेक्ट’ न करता केबल ओढली तर अख्खं फोल्डर जाऊ शकतं, म्हणून एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका. मॅकवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला ते चालत नाही. तारखा आणि नावं आडव्या रेघेने जोडा.

मॅकवर रिझॉल्व्हमधून काढलेला व्हिडिओ क्विकटाइममध्ये फिका दिसला तर रंग पुन्हा चढवू नका. फरक फाइलवरच्या गॅमाच्या (मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या त्याच्या) खुणेचा असतो. एक्स्पोर्टमध्ये गॅमा टॅग ‘रेक.७०९-ए’ करून बघा, आणि तीच फाइल फोनवर व टीव्हीवरही तपासा.

प्रीमियरमधून रिझॉल्व्हमध्ये जायला एक्सएमएल (टाइमलाइनची मांडणी नोंदवणारी फाइल) काढा. फायनल कटचं एक्सएमएल वेगळ्या प्रकारचं असतं. रिझॉल्व्ह ते वाचतं, प्रीमियर थेट वाचत नाही. कट, क्लिपचा क्रम आणि साधी लहान-मोठी मापं पोचतात. शीर्षकं, इफेक्ट आणि रंग बहुधा मागे राहतात. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण व्हिडिओची एक हलकी प्रत काढा, नव्या टाइमलाइनवर सगळ्यात वर ठेवा, तिची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करा आणि एकेक कट जुळतो का ते बघत शेवटपर्यंत जा. कट सरकला असेल तिथे चित्र दुहेरी दिसतं.