तलावाच्या तळातला झरा शोधताय? या चुका टाळा

पाण्यावर बुडबुडे दिसले की "झरा लागला" म्हणून ओरडायचं, ही चूक आपल्या सातारा-सांगलीकडं दर उन्हाळ्यात होते आणि मला तिचा आता खरंच राग येतो, कारण त्यापायी गावाचा पैसा जातो. माणमधल्या एका पाझर तलावाचं सांगतो. मे महिन्यात पाणी उतरलं, मधोमध बुडबुडे यायला लागले, पोरांनी वर्गणी काढून पोकलेन आणला आणि तिथंच खड्डा मारला. दोन दिवस थांबा, ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते, ती बघू म्हटलं तर ऐकायला कुणी तयार नाही; पाण्यात क्षार जास्त तेवढी ती जास्त. निघाला काय, तर काळा कुजका गाळ. तो मिथेन होता, गाळातला पालापाचोळा ऑक्सिजनशिवाय कुजला की तयार होतो, आणि वरचं पाणी कमी झालं की दाब उतरून सुटतो, म्हणून उन्हाळ्यातच जास्त दिसतो. मी आधी लांब बांबू खुपसून बघतो, भसाभस बुडबुडे येऊन थांबले की समजायचं गाळातला गॅस आहे. काडेपेटीची काडी ओढून बघायची हौस मात्र करू नका. आणि वास नाही म्हणजे गॅस नाही असंही नसतं, मिथेनला वास नसतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा.

दुसरी चूक, नुसत्या थर्मामीटरवर भरवसा. तळाचं पाणी आणि झऱ्याचं पाणी यात एखाद्या डिग्रीचाच फरक असतो, त्यात साधा थर्मामीटर वर ओढेपर्यंत आकडा बदलतो. त्यापेक्षा द्राक्षबागायतदारांकडं असतो तो ईसी मीटर घ्या. आपल्या काळ्या खडकातून, म्हणजे बेसाल्टमधून, मुरून आलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात, पावसाच्या साठलेल्या पाण्यात कमी, त्यामुळं झऱ्यापाशी ईसी चढते. पण नमुना तळाचाच पाहिजे. उघडी बाटली सोडली तर ती वरच्याच पाण्यानं भरते, म्हणून बाटलीला दगड, बुचाला वेगळी दोरी, आणि तळाला टेकल्यावर बूच ओढायचं.

होडीवर लावायचं, आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र म्हणजे फिशफाइंडर, त्यावरचा प्रत्येक ठिपका मासा नसतो, बुडबुडेही तसेच दिसतात.

पावसाळ्यात शोधायला जाऊ नका, तेव्हा चारी बाजूंनी पाणी येतं, काही कळत नाही.

कोयनेत बुडबुडे दिसले की भूकंप येणार, असले मेसेज फिरवू नका. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्याकडं कोण विसरेल, पण गाळातल्या गॅसवरून भूकंप सांगता येत नाही. कॅमेरूनच्या न्योस सरोवराचं उदाहरणही इथं लावू नका, १९८६ साली तिथं सुमारे १७०० माणसं गेली ती ज्वालामुखीतून येऊन खोल पाण्यात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळं, आणि आपल्या बेसाल्टचे ज्वालामुखी थंड होऊन सहा कोटींहून जास्त वर्षं झाली.

आणि थेट होडी काढून निघायची घाई कशाला? आधी काठ चालून बघा, लाल गेरूचा थर कुठं उघडा पडलाय आणि त्याच्या वर ओल कुठं आहे ते. हा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून झरे बहुतेक त्याच्याच वरून फुटतात, तोच थर पाण्याखाली कुठं जातो तिथून सुरुवात करा. धरणाखाली गेलेल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जुना पाणवठा कुठं होता ते विचारा, जमलं तर सोबत होडीत घ्या, लाइफ जॅकेट घालून.