‘फिअर’ वापरताना या चुका टाळा

भीती म्हणजे फिअर, एवढं शाळेत पाठ झालेलं असतं. मग ‘मला कुत्र्यांची भीती वाटते’चं ‘आय फिअर फ्रॉम डॉग्ज’ होतं आणि ‘मी घाबरलो’चं ‘आय गॉट फिअर्ड’. दोन्ही चूक.

पहिल्या वाक्यात ‘फ्रॉम’ नको. या क्रियापदाला मध्यस्थ लागत नाही. ज्याची भीती, ते थेट पुढे येतं: ‘आय फिअर डॉग्ज’. नाम वापरलं तर मात्र ‘ऑफ’ हवं: ‘अ फिअर ऑफ डॉग्ज’. दुसरी चूक जास्त गमतीची आहे. मराठीत भीती आपल्याला वाटते, म्हणून तिचा त्रास आपल्यालाच असं आपण धरून चालतो. इंग्रजीत ‘ही इज फिअर्ड’ म्हणजे लोक त्याला टरकून असतात. मुलाखतीला जाताना ‘आय ॲम फिअर्ड’ म्हणणारा उमेदवार समोरच्यांनाच दम देत असतो! म्हणायचं असतं ते ‘आय गॉट स्केअर्ड’ किंवा ‘आय वॉज फ्रायटन्ड’.

‘आय ॲम फिअरिंग’ही टाळा. आणि खरं तर घरात, ऑफिसात, रस्त्यावर बोलताना फिअर हे क्रियापद शक्यतो वापरूच नका. बोलीच्या इंग्रजीत ते जड वाटतं. लिफ्टची भीती वाटते? ‘आय ॲम स्केअर्ड ऑफ लिफ्ट्स’ म्हणा. ‘अफ्रेड ऑफ’ही चालेल. फक्त ‘अफ्रेड’ नामाच्या आधी बसत नाही. ‘ॲन अफ्रेड चाइल्ड’ होत नाही, ‘अ फ्रायटन्ड चाइल्ड’ होतं.

या ‘अफ्रेड’चा आणखी एक वापर आपल्याकडे हमखास चुकतो. फोनवर कुणी म्हणालं, ‘आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन’, तर बोलणारी बाई घाबरलेली नसते. ‘माफ करा, डॉक्टर नाहीत’ एवढंच ती सभ्यपणे सांगते आहे. ‘आय फिअर’ही असाच वापरतात, पण तो आता जरा जुन्या वळणाचा वाटतो.

शब्दयोगी अव्ययाने अर्थ पार उलटतो ती जागा म्हणजे ‘फिअर फॉर’. ‘आय फिअर माय सन’ म्हणजे मला मुलाची धास्ती वाटते, तो हात उगारेल की काय अशी. ‘आय फिअर फॉर माय सन’ म्हणजे त्याचं काही बरंवाईट होईल अशी काळजी. मराठीत ‘मुलाची भीती’ आणि ‘मुलाची काळजी’ दोन्हीकडे ‘ची’च असल्यामुळे हा फरक निसटतो. शाळेला किंवा पोलिसांना पत्र लिहिताना तो निसटला तर तक्रारीचा रोखच बदलेल.

बातम्यांमध्ये सर्वांत जपून वाचायचा प्रयोग म्हणजे ‘फिअर्ड डेड’. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ‘फिअर्ड डेड’ हे अशा बेपत्ता माणसांसाठी: मेल्याची भीती आहे, खात्री नाही. त्याचं भाषांतर ‘ठार’ असं करून व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणारे प्रत्येक दुर्घटनेत भेटतात. ज्यांचे नातेवाईक ढिगाऱ्याशी वाट पाहत असतात, त्यांच्यापर्यंतही तो निरोप पोहोचतो.

‘फिअरफुल’ आणि ‘फिअरसम’ यांची अदलाबदल करू नका. फिअरफुल म्हणजे साधारणपणे भेदरलेला, फिअरसम म्हणजे पाहून धडकी भरेल असा. जुन्या लिखाणात फिअरफुल ‘भयंकर’ या अर्थीही येतो, तेव्हा संदर्भ बघावा लागतो.

उच्चार फिअर, फेअर नाही. बेअर, पेअर, वेअर यांत तीच अक्षरं असल्यामुळे जीभ तिकडे वळते, पण हा शब्द निअर आणि हिअरच्या पंगतीतला.

‘विदाउट फिअर ऑर फेव्हर’ हे शब्द आपल्या मंत्र्यांच्या शपथेत आहेत. इथे ‘फेव्हर’ म्हणजे उपकार नव्हे, पक्षपात. मराठी शपथेत त्यासाठी ‘निर्भयपणे तसेच निःस्पृहपणे’ असं आहे. भाषांतर करायला बसलात तर हेच घ्या, नवं शोधू नका.

‘फिअर सायकोसिस’ आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा लाडका. बिबट्या दिसला की गावात फिअर सायकोसिस! बाहेरच्या वाचकाला मात्र तो मानसिक आजार वाटू शकतो. गाव घाबरलंय एवढंच सांगायचं असेल तर ‘पॅनिक’ पुरतं.