तेलाच्या गावात भाड्याने राहायचे तर: एस्टेवान आणि वेबर्नसाठी

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, हायवे ३९ वर, एस्टेवान आणि वेबर्न ही गावे एकमेकांपासून साधारण ८५ किलोमीटरवर आहेत. इथे कामानिमित्त जाणाऱ्याने घर दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून निवडावे: तेलाचा भाव आणि हिवाळा. मोठ्या शहरातले भाड्याचे ठोकताळे इथे फारसे चालत नाहीत.

१. घर कधी शोधावे

मार्चच्या मध्यापासून जमीन वितळून मऊ होते, ग्रामीण रस्त्यांवर जड वाहनांना वजनमर्यादा लागते आणि बहुतेक ड्रिलिंग रिग (तेलविहिरी खोदणारी यंत्रे) थांबतात. बाहेरगावचे कामगार घरी परततात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये घासाघीस करायला वाव असतो. हिवाळ्यात जमीन गोठून कडक झाली की काम पुन्हा जोर धरते आणि घरे लवकर जातात. तेलाच्या भावावरही लक्ष ठेवा. २०१४ च्या मध्यात पिंपाला १०० अमेरिकी डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१५ मध्ये ५० च्या खाली आले होते. तेजीतल्या भाड्याने वर्षभराचा करार करून बसणाऱ्याला अशी घसरण सर्वांत महाग पडते.

२. करार कोणता करावा

मुदतीच्या करारात भाडे मधेच वाढत नाही, वाढ आधीच करारात लिहिलेली असेल तरच. पण नोकरी गेली म्हणून तुम्हाला एकतर्फी सोडूनही जाता येत नाही. घरमालकाच्या संमतीने दुसरा भाडेकरू आणावा लागतो. मुदत संपल्यावर नव्या करारात मालक हवे ते भाडे मागू शकतो, कारण या प्रांतात भाड्याच्या रकमेवर सरकारी कमाल मर्यादा नाही.

महिनावारी करारात एक महिन्याची लेखी नोटीस देऊन निघता येते. भाडेवाढीसाठी मात्र मालकाला १२ महिने आधी सांगावे लागते. तो प्रांतातल्या घरमालक संघटनेचा सदस्य असेल तर ६ महिने. तेलक्षेत्रात नोकरी करणाऱ्याला आमचा सल्ला स्पष्ट आहे: थोडे जास्त भाडे पडले तरी महिनावारी करार घ्या.

डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. त्यातले निम्मे सुरुवातीला, उरलेले दोन महिन्यांत. घर न पाहता कुणाला पैसे पाठवू नका. भाडे १५ दिवसांहून जास्त थकले, तर मालक लगेच करार संपवण्याची नोटीस देऊ शकतो.

३. घर पाहताना काय तपासावे

बाहेर उणे ३० अंश असताना हे घर कसे टिकेल, हा प्रश्न मनात ठेवून फिरा.

आधी फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी. तिचा फिल्टर ओढून बघा. तो धुळीने भरलेला असेल तर देखभाल होत नाही असे समजा. फिल्टर तुंबला की हवा अडते, फर्नेस जास्त तापते आणि सुरक्षा स्विच बर्नर बंद करतो. इथल्या खडीच्या रस्त्यांची धूळ खूप, म्हणून एक इंची फिल्टर महिन्यातून एकदा बघावा. नव्या फर्नेसचे पांढरे प्लास्टिकचे पाइप भिंतीतून बाहेर येतात. ते जमिनीच्या फार जवळ असतील तर बर्फाने बुजतात आणि फर्नेस बंद पडते. वादळानंतर ते मोकळे करणे कुणाचे काम, हे आधीच लिहून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून पाहा.

मोबाइल होम (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेले घर) असेल तर खाली वाकून बघा. जमिनीलगतचे पत्रे तुटलेले असतील, पाइपांवर तापवणारी वायर नसेल, तर जानेवारीत पाणी गोठणारच. तळघरातल्या खोलीत माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी हवी.

स्वयंपाकघरातला पंखा वाफ बाहेर फेकतो की गाळून आतच सोडतो, हे विचारा. कुकर आणि फोडणीच्या घरात हा फरक मोठा आहे: कडक थंडीत आतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या बरीच वर गेली की खिडक्यांवर पाणी साचते, मग बर्फ, मग चौकटीला बुरशी. हिवाळ्यात गाडीचे इंजिन तापवायला पार्किंगचे सॉकेट लागते, त्यात चार्जर लावून वीज येते का, तेही पाहा.

वीज सस्कपॉवरची, गॅस सस्कएनर्जीचा. भाड्यात काय धरले आहे ते विचारा आणि जानेवारी-फेब्रुवारीची बिले मागा. जुलैच्या बिलावरून काही कळत नाही.

४. ताबा घेताना

प्रत्येक खोलीचे, ओव्हनच्या आतले आणि कार्पेटच्या डागांचे तारखेसह फोटो काढा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. भाडेकरूचा विमा पहिल्या दिवसापासून हवा. हिवाळ्यात गावाला जाणार असाल तर घर तापते आहे का हे कोणी किती वेळा बघायचे, ही अट पॉलिसीत वाचा.

५. रोजचे राहणे

उणे १५ च्या खाली गाडीचा ब्लॉक हीटर (इंजिन तापवणारा विजेचा हीटर) निघण्याच्या तीन-चार तास आधी चालू हवा. टायमर लावा, वायर बाहेरच्या वापराची तीन पिनी घ्या. प्रांताची राजधानी रेजायना एस्टेवानहून सुमारे २०० किलोमीटर आहे. निघण्यापूर्वी रस्त्यांची स्थिती सांगणारी प्रांताची हायवे हॉटलाइन बघा, टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, गाडीत ब्लँकेट आणि फावडे ठेवा.

घरात सडक्या अंड्याचा वास आला तर दिव्याचे बटणही न दाबता बाहेर पडा आणि बाहेरून सस्कएनर्जीला फोन करा. तोच वास तेलविहिरीजवळ आला तर तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो. वाऱ्याला आडवे चालत विहिरीपासून दूर जा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला पोहोचा. वास नाहीसा झाला म्हणून थांबू नका, कारण हा वायू वाढला की नाकाला जाणवेनासा होतो.

६. सोडताना

जूनअखेर निघायचे असेल तर नोटीस ३१ मेपर्यंत मालकाच्या हातात हवी. नवा पत्ता लेखी द्या. डिपॉझिट कामकाजाच्या ७ दिवसांत परत यायला हवे. मालकाने ते अडवले तर प्रांताच्या भाडे-तंटा कार्यालयात, म्हणजे ऑफिस ऑफ रेसिडेन्शियल टेनन्सीजकडे, ताब्याच्या वेळचे फोटो आणि सही केलेली यादी घेऊन अर्ज करा.